ब्राउझरला सर्टिफिकेट चालतं, पायथनला आणि कंट्रोलरला चालत नाही

रावेरची_केळी
राम राम मंडळी. केळीच्या बागांमधल्या ठिबकच्या कंट्रोलरांचा डेटा आमच्या सर्व्हरवर येतो. सर्व्हरचं सॉफ्टवेअर एनजिनएक्स, सर्टिफिकेट (साइटचं ओळखपत्र) लेट्स एन्क्रिप्ट या फुकट देणाऱ्या सेवेचं. क्रोममध्ये साइट नीट उघडते. पायथनची स्क्रिप्ट मात्र ‘अनेबल टू गेट लोकल इश्यूअर सर्टिफिकेट’ (सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट सापडत नाही) म्हणून थांबते आणि शेतातले ईएसपी८२६६ (कंट्रोलरमधल्या वाय-फाय चिपा) जोडलेच जात नाहीत. सध्या दोन्हीकडे सर्टिफिकेटची तपासणी बंद करून काम रेटतोय. डेटा एन्क्रिप्ट होतोच आहे, मग असंच ठेवलं तर चालेल का?

तापीकाठ
नका ठेवू भाऊ. तपासणी बंद केली की बोलणं कुलूपबंद होतं, पण कोणाशी बोलतोय ते कळत नाही. वाटेतल्या राउटरवर बसलेल्या कोणीही आपलं सर्टिफिकेट पुढे केलं तरी कंट्रोलर ते मुकाट्याने घेईल. मोटार चालू-बंद करायचा हुकूमही त्याच वाटेने जात असेल, तर हा धोका थेट शेतातला आहे.

दुखणं बहुतेक सर्व्हरवर आहे. क्लायंटजवळ, म्हणजे जोडणाऱ्या प्रोग्रामजवळ, विश्वासाची रूट (मूळ) सर्टिफिकेटं असतात. तुमच्या सर्टिफिकेटवर सही असते ती इंटरमीजिएटची (रूट आणि तुमचं यांच्या मधल्या सर्टिफिकेटची), आणि ते इंटरमीजिएट सर्व्हरनेच सोबत पाठवायचं असतं. नाही पाठवलं तर साखळी तुटते. क्रोम तुटलेला दुवा सर्टिफिकेटमध्ये दिलेल्या पत्त्यावरून स्वतः उतरवून घेतो, फायरफॉक्सकडे इंटरमीजिएटांचा साठा आधीच असतो. पायथन आणि ईएसपीवरची बेअरएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी तसं काही करत नाहीत.

सर्व्हर काय पाठवतो ते बघायला ओपनएसएसएल या टूलची ‘एस_क्लायंट’ आज्ञा ‘शोसर्ट्‌स’ आणि ‘सर्व्हरनेम’ लावून चालवा. साखळीत फक्त ० क्रमांक दिसला, १ नसला, तर हेच कारण. एनजिनएक्समध्ये ‘सर्ट डॉट पेम’ऐवजी ‘फुलचेन डॉट पेम’चा (यात इंटरमीजिएटही असतं) मार्ग द्या आणि रीलोड करा.

भुसावळ_जंक्शन
एक भर. ‘एस_क्लायंट’ सर्व्हरचं नाव आपणहून तपासत नाही, ‘व्हेरिफाय_होस्टनेम’ वेगळं द्यावं लागतं. ते नसेल तर दुसऱ्याच्या नावाचं सर्टिफिकेटही ‘ओके’ दिसतं. नाव एसएएनच्या, म्हणजे सर्टिफिकेटमधल्या नावांच्या, यादीतच हवं. यादीत नाव असताना स्क्रिप्टमध्ये आयपी पत्ता लिहिला तर जुळणार नाही.

रावेरची_केळी
साखळीत खरंच एकटं ० होतं. फुलचेन दिल्यावर पायथन तपासणीसकट चालू झालं. ईएसपीमध्ये आयएसआरजी रूट एक्स१ (लेट्स एन्क्रिप्टचं रूट) टाकलं, तेही जोडले गेले. पण शेतीची लाइट जाऊन आली की पुन्हा अडतात, आणि काही वेळा तासन्‌तास.

तापीकाठ
घड्याळ बघा. ईएसपी८२६६ला बॅटरीवरचं घड्याळ नाही, वीज आली की तो १९७० पासून मोजायला लागतो. त्याच्या हिशेबाने तुमचं सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही, म्हणून बेअरएसएसएल नाकारते. आधी एनटीपीवरून (नेटवरून वेळ देणारी सेवा) वेळ घ्या, वर्ष २०२० च्या पुढे गेलंय याची खात्री करा, मगच जोडणी सुरू करा. एनटीपी यूडीपी १२३ पोर्टवर चालतं, राउटरने ते अडवलेलं नाही ना तेही बघा. रेंज कच्ची असेल तर ‘डीएस३२३१’ या घड्याळ-चिपचं मॉड्यूल आणि नाणं-सेल लावा, म्हणजे लाइट गेली तरी वेळ टिकते.

भुसावळ_जंक्शन
वेळेचा त्रास चुकवायला काही जण सर्टिफिकेटचं फिंगरप्रिंट (त्याची ठशासारखी खूण) कोडमध्ये पक्कं करतात. तसं करू नका. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट जास्तीत जास्त ९० दिवसांचं, आणि प्रत्येक नव्या सर्टिफिकेटचं फिंगरप्रिंट वेगळं. मग दर वेळी शिवारभर हिंडून फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) भरावं लागेल. रूट एक्स१ची मुदत जून २०३५ पर्यंत आहे, पण संस्था त्याआधीही रूट बदलू शकते. म्हणून रूट कोडमध्ये न गाडता लिटलएफएसमधल्या (चिपवरच्या फाइल साठ्यातल्या) फाइलीत ठेवा, एक्स२ हे त्यांचं दुसरं रूटही सोबत ठेवा, आणि ती फाइल दुरून बदलायची सोय पहिल्या दिवसापासून करा.