नोझावा ओन्सेन : आईला घेऊन बर्फातल्या गावी, सल्ला हवा

कोथरूडकरीण : जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तोक्योला कामासाठी जातेय, सोबत आई (वय ६४). ३ दिवस मोकळे आहेत. तिला एकदा गुडघाभर बर्फ बघायचाय. स्कीइंग दोघींनाही येत नाही. शिराकावागो या बर्फातल्या प्रसिद्ध गावात फार गर्दी म्हणतात. नागानो प्रांतातल्या नोझावा ओन्सेन या गरम झऱ्यांच्या गावाचं नाव ऐकलं. गेलंय का कुणी? आम्ही शाकाहारी.

तोक्योकर : बिनधास्त जा. तोक्योहून शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) इइयामा स्टेशन, सुमारे पावणेदोन तास. पुढे बसने २५ मिनिटं. फक्त गाडी 'हाकुताका' धरा, 'कागायाकी' इइयामाला थांबतच नाही. सैबेरियाचा वारा जपानच्या समुद्रावरून ओल उचलतो आणि या डोंगरांवर रिकामी करतो, त्यामुळे बर्फाची काळजी नको.

भटकभवानी : ताई, बर्फ दोन तासांत बघून होईल. खरं बघायचं ते गावातली न्हाणीघरं. गरम झऱ्यांची अशी १३ आहेत. ती हॉटेलांची नाहीत, त्या त्या आळीतल्या लोकांची. तीच मंडळी आळीपाळीने झाडझूड करतात, खर्च उचलतात. बाहेरच्यालाही फुकट, दाराशी पेटी असते तिच्यात नाणी टाका.

आत गेलं की एकच खोली. भिंतीला कपड्यांचे फळकुटी कप्पे, समोर हौद, गंधकाचा वास. बायकांचं वेगळं, पण अंगावर काही ठेवायचं नाही, पोहायचा पोशाखसुद्धा नाही. आधी बाहेर बसून अंग धुवायचं, मग हौदात. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. पाणी चटका बसेल इतकं कढत. गार पाण्याचा नळ असतो, पण आत कुणी आजी बसलेल्या असतील तर विचारल्याशिवाय सोडू नका. मी सोडला होता. आजी काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. पुरे झालं तेवढं! 'ओयु' नावाच्या न्हाणीघरात दोन हौद आहेत, आईंना कमी गरम असलेल्यात बसवा.

कोथरूडकरीण : आईला रक्तदाब आहे, चालेल?

भटकभवानी : डॉक्टरांना विचारूनच. नाहीतर नुसते पाय सोडून बसायच्या जागाही आहेत.

तोक्योकर : जेवणाचं मात्र जड जाईल. मिसो सूपमध्येही माशाचं पाणी असतं, त्याला 'दाशी' म्हणतात. मुक्कामाच्या ठिकाणी आधीच लिहून कळवा. 'ओयाकी' मिळतात, म्हणजे पिठाच्या पारीत भाजीचं सारण भरलेले गोळे, पण सारणात काय ते विचारून घ्या. भात उत्तम, तेव्हा मेतकूट न्या.

लोणचंप्रेमी : नोझावाना विसरलात! गावाच्या नावाची पालेभाजी, तिचं खारवलेलं लोणचं घरोघरी. कुणा भिक्षूने क्योतोकडून सलगमाचं बी आणलं, इथल्या थंडीत कंद नीट धरला नाही आणि पानंच माजली, अशी गोष्ट सांगतात. 'ओगामा' नावाच्या झऱ्यात पाणी जवळजवळ ९० अंश. गावकरी त्यात भाज्या नि अंडी उकडतात. आपल्याला कठड्याबाहेरूनच बघायचं.

तोक्योकर : १५ जानेवारीला दोसोजिन या वेशीवरच्या राखणदार देवाचा अग्नी-उत्सव असतो. लाकडी मंडपावर ४२ वर्षांचे पुरुष बसतात, खाली २५ वर्षांचे राखण करतात, बाकीचं गाव मशाली घेऊन तुटून पडतं. तुमचा हुकेल, पण आईंसोबत त्या गर्दीत नकोच.

भटकभवानी : आणि रस्ते उताराचे, वर बर्फ गोठलेला. बुटाखाली लावायचे रबरी दाते घ्या. मी 'कशाला खर्च' म्हणत घेतले नाहीत, मुक्कामाच्या दारातच बसकण मारली. वळचणीखालून चालू नका, छपरावरचा बर्फ सांगून पडत नाही.

कोथरूडकरीण : सगळ्यांचे आभार, दोन रात्रींचं बुकिंग केलं. आईने धागा वाचला. कपड्यांचं तिला काहीच वाटलं नाही. पण तिने कुठेसं ऐकलंय की ती भाजी न्हाणीघरातच धुतात. म्हणते, मग अंघोळ आधी का भाजी आधी?

लोणचंप्रेमी : खरंय, धुतात! पण ती लोणच्याआधी, नोव्हेंबरच्या सुमारास. तुम्ही जाल तेव्हा ती पिंपात मुरलेली असेल. आईंना म्हणावं, निवांत डुंबा.