राष्ट्रीय फुटबॉल संघ का हरतो, आणि त्यात मॅनेजरचा वाटा किती? (अनुभव धागा)

धागाकर्ता, ठाणे

१४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावात सिंगापूरकडून १-२. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. पहिल्या निकालाने २०२७ चा आशिया चषक गेला, दुसऱ्याने उरलीसुरली अब्रू. तेव्हापासून तलावपाळीच्या कट्ट्यावर एकच ठराव पास होतोय : मॅनेजर हाकला. जून २०२४ मध्ये इगोर स्टिमाच गेले, जुलै २०२५ मध्ये मानोलो मार्केझ गेले, ऑगस्टपासून खालिद जमील. माणसं बदलली, गोल काही होत नाहीत.

ठाणे-नवी मुंबईत कोचिंग, रेफ्री, फिजिओ अशी कामं करणारे बरेच जण इथे आहेत. त्यांनी लिहावं. एकच विनंती, ‘आमच्या वेळी’ नको. काम कसं चालतं, कुठे फसतं आणि त्यातलं मॅनेजरच्या हातात काय असतं, तेवढंच.

मुलांचे कोच, नेरूळ

आधी दिवस मोजा, मग शिव्या घाला.

फिफाची विंडो (क्लबांनी खेळाडू देशासाठी सोडायचा ठरलेला काळ) सोमवारी उघडते. क्लबचा सामना आदल्या शनिवार-रविवारी झालेला असतो. खेळाडू सोमवारी रात्रीपर्यंत हॉटेलात पोचतात. मंगळवारी, रविवारी नव्वद मिनिटं खेळलेल्यांना फक्त सायकल, स्ट्रेचिंग आणि हलके पास. बुधवारी सामन्याच्या मैदानावर तासाभराचा सराव. गुरुवारी सामना. म्हणजे अकराच्या अकरा जण पायात दम असताना एकत्र आहेत असं सत्र जेमतेम एक. पुढे शुक्रवारी रिकव्हरी, शनिवारी प्रवास, रविवारी खरा सराव, सोमवारी हलका, मंगळवारी दुसरा सामना. ऑक्टोबर २०२५ मधल्या सिंगापूरच्या दोन सामन्यांच्या तारखा बघा, ९ आणि १४. गुरुवार आणि मंगळवार.

त्या वेळी देशातली लीगच (आयएसएल) बंद होती, म्हणून कॅम्प आधी लावता आला. पण विंडोच्या बाहेर खेळाडू सोडायला क्लब बांधील नसतो. जे क्लब आशियाई स्पर्धेत खेळत होते त्यांनी आपली माणसं उशिरापर्यंत धरून ठेवली, आणि नियमाने ते चूक नाही.

एवढ्याशा वेळात शिकवायचं काय? क्रम ठरलेला आहे. आधी बॉल गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत अंगावर कोण जाणार आणि मागे कोण थांबणार. मग आपली गोल-किक छोटी खेळायची की लांब, आणि लांब असेल तर दुसरा बॉल (पहिल्या झटापटीतून सुटलेला) उचलायला कोणते तिघे. आणि कॉर्नर-फ्री किक. यातलं शेवटचं सगळ्यात स्वस्त. सत्राच्या शेवटी वीस मिनिटं, पाय थकलेले असले तरी चालतं, कारण डोकं लागतं. जो मॅनेजर यातलं काहीतरी सोडून तिथे नवीन फॉर्मेशन शिकवायला बसतो, त्याला मी खुशाल दोष देईन.

मडगावात आणखी एक अडचण होती. ९ तारखेला सिंगापूरमध्ये संदेश झिंगनला ४७ व्या मिनिटाला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो बाहेर. दहा जणांनी खेळून नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने १-१ केलं, सगळे खूश. पण पुढच्या सामन्यात झिंगन नाही. मधल्या बचावाची जोडी बदलली आणि तिला एकत्र मिळालं ते रविवारचं एक सत्र. सेंटर-बॅकची जोडी म्हणजे ‘तू जा, मी थांबतो’ हे न बोलता कळणं. ते एका संध्याकाळी येत नाही.

आकडेमोडवाला, ठाणे (प.)

फिफा रँकिंगबद्दल थोडं, कारण मॅनेजर हाकलताना सगळे तोच आकडा नाचवतात.

ऑगस्ट २०१८ पासून पद्धत बदलली. आता प्रत्येक सामन्यानंतर गुणांची बेरीज-वजाबाकी होते. सूत्र : सामन्याचं वजन × (प्रत्यक्ष निकाल − अपेक्षित निकाल). विजय १, बरोबरी ०.५, हार ०. वजन असं : विंडोबाहेरचा मैत्रीपूर्ण सामना ५, विंडोतला १०, पात्रता फेरी २५, आशिया चषकाची मुख्य स्पर्धा ३५ आणि उपांत्यपूर्व फेरीपासून ४०.

उदाहरण घ्या. समोरचा संघ आपल्यापेक्षा १५० गुणांनी मागे आहे. सूत्राप्रमाणे आपला अपेक्षित निकाल साधारण ०.६४. पात्रता फेरीत जिंकलो तर +९, बरोबरी −३.५, हरलो तर −१६. म्हणजे दुबळ्या संघाशी गोलशून्य बरोबरी हीसुद्धा वजाबाकीच. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-० झालं तेव्हा लोक ‘चला, एक गुण तरी’ म्हणत होते!

स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या काळात, २०१५ ते २०१७, आपण १७३ वरून शंभराच्या आत आलो, पण ते जुन्या पद्धतीत. तेव्हा कोणाशी खेळायचं आणि केव्हा गप्प बसायचं हे हुशारीने ठरवून वर चढता येत असे. आता ती वाट अरुंद झालीय. त्यामुळे ‘कॉन्स्टंटाइनना जमलं, ह्यांना का नाही’ ही तुलना तशी लंगडी आहे.

गोलकीपर कोच, वाशी

दोन पेनल्ट्या आठवा. २६ मार्च २०२४, गुवाहाटी, अफगाणिस्तान, ८८ वं मिनिट. १० जून २०२५, हाँगकाँग, ९०+४. दोन्ही वेळा गोलकीपरकडून फाउल, दोन्ही सामने एका गोलने गेले. पहिल्यात गुरप्रीत, दुसऱ्यात विशाल कैथ. दोघेही वाईट कीपर नाहीत, हे आधीच सांगतो.

कीपर क्रॉसवर बाहेर येतो तेव्हा काय व्हायला हवं? निर्णय बॉल पायातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदात. आधी हाक : ‘कीपर!’ ऐकू गेली की बचावपटू बाजूला होऊन मधल्या माणसाला अडवतात, गेली नाही तर तेही उडी मारतात. मग वळसा न घेता सरळ धाव, एका पायावर उडी, समोरचा गुडघा वर. गर्दी असेल तर दोन्ही मुठी जोडून बॉलच्या खालच्या निम्म्या भागावर, आणि दिशा नेहमी बाजूला. यातली पहिली पायरी उशिरा झाली की पुढचं सगळं उशिरा होतं. बॉल निघून जातो आणि मूठ माणसाला लागते. ९४ व्या मिनिटाची चूक हाताची वाटते, असते ती त्या अर्ध्या सेकंदाची.

आता कारण. लीगमध्ये बऱ्याच संघांत पुढ्यात उंच परदेशी सेंटर-बॅक असतो. तोच सगळं डोक्याने काढतो. कीपर लाइनवर थांबायला शिकतो. राष्ट्रीय संघात तो परदेशी नसतो आणि अचानक बाहेर यावं लागतं. मॅनेजरने इथे दोनपैकी एक निवडायचं : कीपरला सांगायचं ‘सहा यार्डांच्या बाहेर येऊ नकोस’ आणि बॅकलाइन (बचावपटूंची रांग) खाली ठेवायची, किंवा पहिल्या दिवसापासून गर्दीत क्रॉस पकडायचा सराव द्यायचा. दोन्हीच्या मधे राहिलं की गुवाहाटी होते.

टर्फवाले कोच, घणसोली

स्ट्रायकर का नाही, हे घोडबंदर रोडवरच्या किंवा घणसोली-खारघरच्या कुठल्याही जाळीच्या टर्फवर संध्याकाळी सात वाजता उभं राहिलं की दिसतं. पूर्ण मैदान १०५ × ६८ मीटर. टर्फ त्याचा छोटासा तुकडा. चारी बाजूंना जाळी, त्यामुळे बॉल बाहेर जात नाही, ऑफसाइड नाही, गोल छोटा, हवेतून येणारा बॉल जवळपास नाही. मूल पायाने चपळ होतं हे खरं. पण बचावपटूच्या पाठीमागे धाव केव्हा काढायची, ऑफसाइडच्या रेषेवर अंग तिरकं ठेवून कसं थांबायचं, क्रॉस येताना जवळच्या खांबाकडे पळायचं की लांबच्या, यातलं काहीच तिथे घडत नाही. जून ते सप्टेंबर मातीची मैदानं चिखलात, म्हणून वर्षातले चार महिने तर फक्त टर्फ. चौदाव्या वर्षी मोठ्या मैदानावर आणलं की पोरगं बॉल पायात मागायला खाली येतं, पुढे जातच नाही.

तरीही काही चांगले तयार होतात. आमच्याच घणसोलीत रिलायन्सची निवासी अकादमी आहे, नेरूळचं डी. वाय. पाटील तर २०१७ आणि २०२२ अशा सतरा वर्षांखालच्या दोन विश्वचषकांचे सामने बघून बसलंय. मग ही पोरं जातात कुठे? क्लबात, आणि तिथे बाजूला. २०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी चालायचे, २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. आकडा कमी झाला, पण क्लब परदेशी माणसावर पैसा घालतो तो आधी नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागेवर. आपला फॉरवर्ड विंगवर ढकलला जातो किंवा सत्तराव्या मिनिटाला उतरतो. राष्ट्रीय मॅनेजरला मिळतो तो क्लबात विंगर असलेला ‘स्ट्रायकर’. जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात तीन सामने, शून्य गोल. जूनमध्ये कुवेतशी ०-० नंतर कर्णधार सुनील छेत्री निवृत्त, आणि मार्च २०२५ मध्ये चाळिशीत त्याला परत बोलवावं लागलं. आल्या आल्या मालदीवविरुद्ध गोलही त्यानेच केला.

अजून एक ठाणेकर

वरचं सगळं मान्य, पण असं वाचलं की मॅनेजर बिचारा वाटायला लागतो. तो पगार घेतो. खेळाडू तोच निवडतो, कुठे उभं करायचं तोच ठरवतो. पाच बदल, तीन थांबे, ते तोच वापरतो. घरच्या मैदानावर आघाडी घेऊन मडगावात हरलो. गुवाहाटीतही आधी आपणच पुढे होतो, छेत्रीच्या १५० व्या सामन्यात, त्याच्याच पेनल्टीने. दोहात कतारविरुद्धही आधी १-० आपणच. तीन वेगवेगळे सामने, दोन वेगवेगळे मॅनेजर, आणि प्रत्येक वेळी आघाडी मिळाल्यावर बॅकलाइन दहा मीटर मागे सरकते. ती सरकू नये म्हणून ओरडणं आणि वेळेत ताजा मिडफिल्डर उतरवणं, हे काम फेडरेशनचं नाही. आणि मार्केझ यांनी तर एकाच वेळी क्लब आणि देश दोन्ही सांभाळले, आठ सामन्यांत एक विजय. ती नेमणूक करणाऱ्यांनाही विचारा की.

रेफ्री, कोपरखैरणे

दोहाचं नाव निघालंच आहे म्हणून. ११ जून २०२४, ७३ वं मिनिट. बॉल गोललाइनच्या पूर्ण बाहेर गेला होता, तरी ओढून आत आणला आणि गोल दिला गेला. रेफ्रीची चूक, वादच नाही. त्या फेरीत व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय) नव्हतं. पण रीप्लेमध्ये आपले खेळाडू बघा : शिटी वाजायच्या आधीच थांबलेले. नियम साधा आहे, पूर्ण बॉल पूर्ण रेषेपलीकडे गेला की तो बाहेर, पण ते ठरवतो रेफ्री. त्याने थांबवेपर्यंत खेळत राहायचं, हात वर केल्याने खेळ थांबत नाही. बाय द वे, त्यानंतरही बारा मिनिटं बरोबरी होती. दुसरा गोल ८५ व्या मिनिटाला खाल्ला. त्या बारा मिनिटांत बाकावरून कोणीतरी सगळ्यांना एकदा खाली बसवून पाणी पाजायला हवं होतं.

फिजिओ, खारघर

ढाक्याबद्दल फक्त एक मुद्दा. नोव्हेंबरात लीग सुरूच नव्हती. कॅम्पमध्ये धावण्याची क्षमता राखता येते, सामन्यातली पूर्ण वेगाची धाव मात्र सरावात तितकी होत नाही. सामन्यापासून दूर असलेल्या खेळाडूला साधारण चार ते सहा आठवडे लागतात : आधी लांब हलक्या धावा, मग आठवड्यातून दोनदा पूर्ण वेगाचे ३०-४० मीटरचे आठ-दहा तुकडे मधे भरपूर विश्रांती घेऊन, मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक व्यायाम, आणि शेवटी किमान दोन-तीन सराव सामने. हे नसलं की पाय आधी जात नाहीत, आधी निर्णय मंदावतो. दुसऱ्या हाफमध्ये पास अर्धा सेकंद उशिरा सुटतो. लीग रखडणं मॅनेजरच्या हातात नाही. सराव सामने मागणं आहे.

सीवूड्सहून, थोडक्यात

पासपोर्टचा मुद्दा कोणी काढला नाही. बांगलादेशकडे हमझा चौधरी, इंग्लंडमध्ये वाढलेला. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे खेळायचं तर परदेशी पासपोर्ट सोडावा लागतो. रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा सोडला, कॅम्पला आला, पण परवानगीचा कागद वेळेत न आल्याने ढाक्यात खेळू शकला नाही. कागद कधी पाठवायचा हे ऑफिसचं काम, मॅनेजरचं नव्हे.

नेरूळ कोच, पुन्हा

ठाणेकर, बॅकलाइनचं बरोबर आहे, मान्य. आघाडीनंतर मागे सरकणं हे शिकवून थांबवता येतं : सरावात मुद्दाम १-० ने पुढे असल्याची वीस मिनिटं खेळवायची, आणि बॉल मागे दिला गेला की बॅकलाइनने पाच मीटर वर यायचं, नाही आली तर गोल समोरच्याला.

आणि ‘सगळंच व्यवस्थेचं’ म्हणणाऱ्यांनी मुलींचा संघ बघावा. फेडरेशन तेच, देश तोच. जुलै २०२५ मध्ये क्रिस्पिन छेत्री यांच्या संघाने चियांग माईत यजमान थायलंडला २-१ हरवून २०२६ चा आशिया चषक गाठला. एकदा बरोबरी झाल्यावर पुन्हा पुढे गेले, आणि नंतर मागे सरकले नाहीत. तो सामना कोणाकडे असेल तर शेवटची पंधरा मिनिटं आवाज बंद करून फक्त बॅकलाइनकडे बघा.