टँकरच्या लायसन्सची परीक्षा: तयारी कशी केलीत? अनुभव लिहा

माझा धाकटा भाऊ आजवर सिमेंट आणि ऊस वाहत आला. आता त्याला इंधनाच्या टँकरवर जायचंय, म्हणजे लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नववा नियम त्यासाठी तीन गोष्टी मागतो: एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहितावाचता येणं, मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचं प्रशिक्षण, आणि त्यात पास झाल्याचं प्रमाणपत्र. अभ्यासक्रमातलं बचावात्मक ड्रायव्हिंग आणि प्रगत कौशल्य त्याला रस्त्यानेच बरंचसं शिकवलंय. तिसरा भाग मालाच्या सुरक्षिततेचा. गाडी तिथेच अडते.

कुणीतरी त्याला झेरॉक्सची चार पानं दिली. त्यात प्रश्न नाहीत, नुसती उत्तरं आहेत: पहिल्याचं ब, दुसऱ्याचं क. अशाने कागद हातात येईल, पण त्याच्या मागे वीस हजार लिटर पेट्रोल असणार आहे. मला त्याला कारणांसकट शिकवायचंय. ज्यांनी ही परीक्षा दिली, घेतली किंवा घरातल्या कुणाकडून करून घेतली, त्यांनी हात आखडता न घेता लिहावं.

*

मनमाडहून, इंधनाचा टँकर

ताई, भावाला आधी पाण्याने अर्धी भरलेली घागर घेऊन चालायला सांगा. थांबला की पाणी पुढे येऊन आदळतं, वळला की बाजूला जातं. टँकरचं सगळं गणित एवढ्यावर उभं आहे.

पानेवाडीच्या डेपोतून माल भरताना आमचा टँकर कप्प्याकप्प्यांचा असतो. एका पंपावर माल कमी उतरवायचा असेल तर एक कप्पा पूर्ण रिकामा करायचा, दोन कप्पे अर्धे ठेवायचे नाहीत. अर्धा कप्पा हिंदकळतो. भरलेला हिंदकळत नाही आणि रिकाम्यात हिंदकळायला काही नसतं. पेपरात हे ‘कोणता टँकर जास्त धोकादायक’ अशा सरळ प्रश्नातून येतं.

पण तोच प्रश्न आगीबद्दल असला तर उत्तर बदलतं. पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली तरच पेट घेते. भरलेल्या टँकरमध्ये मालाच्या वर जी थोडी जागा असते तिथे वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही. माल उतरला की आत हवा शिरते आणि मिश्रण नेमकं त्या टक्क्यांत येऊ शकतं. म्हणून ‘गाडी खाली आहे, एक बिडी ओढू’ म्हणणारा क्लीनर मी गाडीवर ठेवत नाही. वेल्डिंगवाल्याकडेही गॅसमुक्त केल्याच्या दाखल्याशिवाय टँकर न्यायचा नाही.

स्थिर विजेचा प्रश्न हमखास असतो. क्रम पाठ करा आणि कारणही लक्षात ठेवा: आधी अर्थिंगची क्लिप, मग झाकण, मग पाइप. माल पाइपातून वाहताना वीज साठते. ती जमिनीत गेली नाही तर झाकणापाशी ठिणगी पडते आणि वाफही तिथेच असते. नायलॉनचा शर्ट घालायचा नाही, सुतीच हवा. भरून झाल्यावर मालाची पातळी मोजायची डिपची काठी लगेच आत सोडायची नाही, माल शांत होऊ द्यायचा.

*

उरणहून, चालकाची बायको

आमचे हे नववीपर्यंत शिकलेत. गाडी उत्तम, इंग्रजी म्हटलं की घाम. रात्री जेवणं झाली की मी त्यांना घेऊन बसायचे. जुन्या कॅलेंडरची पानं कापून पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मी टँकरच्या मागची पाटी काढायची आणि त्यांनी वाचून दाखवायची.

पाटीवर 1203 दिसलं की पेट्रोल, 1202 डिझेल, 1075 एलपीजी, 1005 अमोनिया, 1017 क्लोरीन, 1830 गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक अॅसिड. हे यूएन क्रमांक जगभर सारखेच. त्याच्या वर हॅझकेम कोड असतो, पेट्रोलचा 3YE. ह्यांना तो नुसता पाठ होईना, म्हणून आम्ही तो फोडला. आकडा सांगतो आग कशाने विझवायची: 1 पाण्याची धार, 2 बारीक फवारा, 3 फेस, 4 कोरडी पावडर. मधलं अक्षर सांगतं की सांडलेला माल पाण्याने वाहवून लावायचा की अडवायचा, आणि अंगावर काय घालायचं. Y आलं की अडवायचा, गटारात जाऊ द्यायचा नाही. शेवटी E असेल तर आसपासची माणसं हलवायचा विचार आधी. मग ते स्वतःच म्हणाले, म्हणजे पेट्रोलवर पाण्याची धार मारायची नाही, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे जाईल. तिथून पुढे त्यांना मी काही शिकवलं नाही, तेच मला सांगायला लागले.

ट्रेमकार्ड, म्हणजे मालाचा धोका काय आणि अपघातात काय करायचं हे लिहिलेलं कार्ड, मात्र रोज मोठ्याने वाचून घ्या. ते केबिनमध्ये चालकासाठीच असतं. अपघातात चालक बेशुद्ध असला तर अग्निशमनवाला तेच शोधतो, म्हणून ते टपाच्या खणात कोंबून ठेवायचं नाही.

*

सांगली भागातून, इथेनॉल

पेट्रोलचं सगळे सांगतील, मी स्पिरिटचं सांगतो. पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळायला लागल्यापासून साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून तेल डेपोंकडे टँकरची रांग असते. आपल्याकडच्या कितीतरी पोरांना पहिलं काम इथेच मिळतं, पण तयारी करताना पोरं फक्त पेट्रोलची उत्तरं वाचतात.

फरक लक्षात ठेवा. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, 13 अंश सेल्सिअसच्या आसपास. म्हणजे आपल्या हवेत ते बारा महिने पेटायला तयार. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे साधा फेस त्याच्यावर टिकत नाही, अल्कोहोलला टिकणारा फेस लागतो. आणि भर उन्हात त्याची ज्योत नीट दिसत नाही. धूर नाही, पिवळा जाळ नाही, फक्त हवा थरथरल्यासारखी वाटते. ‘आग दिसत नाही म्हणजे आग नाही’ असं समजून पुढे गेलेला माणूस भाजतो. पाटीवरचा यूएन क्रमांक 1170.

*

कॅलिफोर्नियाहून

मूळचा साताऱ्याचा, इथे ट्रक चालवतो. आमच्याकडे व्यावसायिक लायसन्सवर टँकरसाठी ‘एन’ ही वेगळी नोंद लागते, धोकादायक मालासाठी ‘एच’, दोन्ही मिळून ‘एक्स’. टँकरच्या पेपरात वीस प्रश्न, सोळा बरोबर हवेत. ‘एच’ साठी बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणीही असते.

लायसन्सच्या पुस्तिकेतला आठवा विभाग टँकरचा. मोजकी पानं आहेत, पण मी इतकी उपयोगाची पानं क्वचित वाचलीत. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या भावालाही लागू आहेत. एक, वळणावर पाटीवर लिहिलेल्या वेगातही टँकर उलटू शकतो, कारण वजन उंचावर असतं. पाटीवरचा वेग टँकरवाल्यासाठी नाही, त्याने त्याहून कमी ठेवायचा. दोन, रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा थांबायला जास्त अंतर घेऊ शकतो. हे ऐकून सगळे चमकतात, पण ब्रेक भरलेल्या वजनासाठी बनवलेले असतात आणि हलक्या गाडीची चाकं लवकर घसरतात. तीन, गाडी सिग्नलला थांबली तरी आतला द्रव थांबलेला नसतो. लाट पुढच्या भिंतीवर आदळते आणि निसरड्या रस्त्यावर उभी गाडी चौकात ढकलली जाते.

आत भोकं असलेले आडवे पडदे असतील तर पुढे-मागे येणारी लाट मोडते, डावी-उजवी मोडत नाही. दूध आणि खाण्याच्या द्रवांच्या टँकरला पडदे नसतात, कारण मग आतून नीट धुता येत नाही. गावाकडे दुधाच्या टँकरवर काम केलेल्यांनी हे अंगावर झेललेलं असतं, पुस्तिकेत फक्त त्याचं कारण सापडतं. आणि टँक कधीच काठोकाठ भरायचा नाही: गरम झाला की माल फुगतो, त्याला जागा लागते.

*

पुण्याहून, प्रशिक्षक

वर्गात मी सर्वांत जास्त वेळ एका ओळीवर घालवतो. अभ्यासक्रमात आणीबाणीच्या भागात विहिरी, नद्या आणि तलाव यांचं रक्षण असं स्पष्ट लिहिलेलं आहे. चालक ती ओळ वाचून पुढे जातात. मी विचारतो, तुमच्या गावाबाहेर रस्त्याच्या खालच्या अंगाला काय आहे? कुणी ओढा म्हणतं, कुणी पिण्याच्या पाण्याची विहीर. मग माती, वाळूची पोती, फावडं यांचा अर्थ लागतो. सांडलेला माल पहिल्या काही मिनिटांत अडवला तरच अडतो, आणि तेव्हा तिथे फक्त चालक असतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. 20 डिसेंबर 2024 ला जयपूर-अजमेर महामार्गावर भांक्रोट्याजवळ वळण घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रक धडकला, नोझल तुटले, गॅस रस्त्यावर पसरला आणि पेटला. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटतो आणि चालू इंजिनांपर्यंत पोचतो. म्हणून गळती दिसली की आपली गाडी बंद, दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवायची, वारा जिकडून येतो त्या अंगाला जायचं आणि लोकांनाही तिकडेच न्यायचं. सांडलेलं इंधन भरायला बादल्या घेऊन धावणाऱ्यांना तर हात जोडून, ओरडून, कसंही करून लांब ठेवा. 2017 मध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ उलटलेल्या टँकरभोवती अशीच गर्दी झाली होती. दोनशेहून जास्त माणसं गेली.

कागदपत्रांचं थोडक्यात: नोंदीसाठी अर्ज लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर, सोबत प्रमाणपत्र. ही नोंद तीन वर्षं चालते, मुदत संपायच्या आधीच नूतनीकरणाचं बघा.

*

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं मी भावाला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, अॅसिडचे टँकर डिझेलच्या टँकरपेक्षा लहान का दिसतात?

*

मनमाडहून

चांगला प्रश्न, पास होणार तो. गंधकाम्ल पाण्याच्या 1.84 पट जड. दहा हजार लिटर भरलं की साडेअठरा टनांच्या जवळ गेलात. मोठ्या टाकीत भरलं तर वजनाची मर्यादा आधी संपते, टाकी अर्धवट राहते, आणि मग पुन्हा तेच हिंदकळणं. म्हणून टाकीच लहान करतात. गाडी बदलली की आधी मालाची घनता विचारायची, हे त्याला आत्ताच लावून द्या.

*

धागा काढणारी

दादा, वहीत लिहून घेतलं त्याने. अमोनिया हवेपेक्षा हलका आणि क्लोरीन जड, एवढं आम्हाला पुस्तकातून कळलंय. हे दोन माल स्वतः वाहणाऱ्या कुणी मास्क आणि व्हॉल्व्हच्या सरावाबद्दल लिहिलं तर फार मदत होईल. त्याचा वर्ग पुढच्या आठवड्यात आहे.