मदत हवी आहे: बीपी आणि शुगर दोन्ही, त्यात अकोल्याचा उन्हाळा. वडिलांना काय द्यावं?

मंडळी, वडील (वय 71) अकोटजवळच्या गावी असतात, मी पुण्यात. मे महिन्यातही पहाटे चहा घेऊन शेतात जातात ते अकराच्या पुढे परततात. संत्र्याला पाणी पोचतंय का ते झाडागणिक बघतील, स्वतः मात्र घोटभर पिणार नाहीत. उत्तर ठरलेलं: "मले तहानच नाई लागत."

अडचण अशी की नेहमीचे उपाय चालत नाहीत. पन्हं, कोकम सरबत, उसाचा रस साखरेमुळे बाद. मीठ घातलेलं ताक, लिंबूपाणी बीपीमुळे बाद. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. खिशात कांदा मात्र न चुकता असतो! (तो खातही नाहीत, नुसता फिरवून आणतात.)

शेतात फ्रिज नाही, माठ आहे. ताक नेलं तर नऊपर्यंत आंबट ढाण होतं. पोटात पाणी जाईल आणि त्यांना 'औषध' वाटणार नाही असं काय देता येईल?

प्रतिसाद – पाटावरवंटा
ताक नेऊच नका. डब्यात घट्ट दही द्या, तिथे माठाच्या पाण्यात घुसळून घेतील. चवीला जिरेपूड, ठेचलेलं आलं, कोथिंबीर घातली की मीठ नसल्याचं फार जाणवत नाही. सकाळी ज्वारीची आंबील द्या: पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी पातळ शिजवून लसूण-जिरं घालायचं. आमच्याकडे म्हातारी माणसं पाणी टाळतात, आंबील नाही टाळत, कारण ती जेवणात मोजली जाते. काकडीही चालते, तिच्यात जवळपास 95 टक्के पाणीच असतं. टरबुजाच्या दोन-तीन फोडी चालाव्यात, रस नको.

प्रतिसाद – गोळीबार मैदान
मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. वयानुसार तहानेची जाणीव कमी होते, त्यामुळे ते खोटं बोलत नाहीयेत. पण नुसतं पाणी ढोसायला लावू नका. हायड्रोक्लोरोथायझाइडने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, वर घाम आणि बिनमिठाचं खाणं. मीठ पूर्ण बंद करायचं की थोडं चालेल, उन्हाळ्यात गोळीचा डोस बदलायचा का, हे डॉक्टरांनाच विचारा. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं त्यावरून) तपासायला सांगतील. गोळी स्वतःहून थांबवू नका. नारळपाणी रोज सुरू करण्याआधीही विचारा, त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि टेल्मिसार्टन ते शरीरात धरून ठेवतं.

ओआरएस रोजचं सरबत नव्हे, त्यातही ग्लुकोज आणि मीठ असतं. जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र हाताशी हवं. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. बरळायला लागले, अंग तापलं तर ओल्या कपड्याने गार करत थेट दवाखाना. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका.

धागाकर्ती
दोघांचे आभार. आंबील आईला येते, उद्याच सांगते. तपासणीसाठी सोमवारी अकोल्याला नेईल भाऊ. पहाटेचा चहा बंद करायला हवा का? त्यावरून घरात महाभारत होईल.

प्रतिसाद – गोळीबार मैदान
चहा राहू द्या, साखर काढा. एका कपाने पाणी कमी होत नाही.