सल्ला हवा: गोदाम आणि दुकानासाठी क्लाउड सीसीटीव्ही (चोरांनी डीव्हीआरच नेला)

बेदाणेवाला

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं बेदाणा-हळदीचं गोदाम आहे आणि सांगलीत गणपती पेठेत दुकान. गोदामात आठ कॅमेरे, दुकानात चार. दिवाळीनंतर गोदामाचं मागचं शटर वाकवून चोर आत शिरले. माल फार गेला नाही, वीसेक बॉक्स बेदाणा आणि इलेक्ट्रॉनिक काटा. पण जाताना टेबलाखालचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, तोही उचलून नेला. आठ कॅमेऱ्यांनी जे काही पाहिलं ते चोरांबरोबरच गेलं. हवालदारसाहेबांचा पहिला प्रश्न, "फुटेज?" मी लोंबणाऱ्या वायरी दाखवल्या.

बसवणाऱ्याने तेव्हा छातीठोक सांगितलं होतं, "शेठ, क्लाउड आहे, कुठूनही मोबाइलवर दिसतं." दिसायचं हे खरं. पंढरपूरला रांगेत उभा राहून मी गोदाम बघितलेलं आहे. आता ॲप उघडलं की 'डिव्हाइस ऑफलाइन'.

२०१९ च्या महापुरात दुकानातला डीव्हीआर पाण्याखाली गेला होता, तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. असो. आता तीन कोटेशनं आली आहेत. एक म्हणतो सगळे कॅमेरे थेट क्लाउडवर टाका, दर कॅमेऱ्यामागे महिन्याचे पैसे. दुसरा म्हणतो अर्धं इथे, अर्धं तिथे. तिसरा म्हणतो नवा डीव्हीआर घ्या आणि लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवा. इंटरनेट लोकल केबलवाल्याचं फायबर, १०० एमबीपीएस. काय करावं?

खडूस_काका

बैल गेला नि झोपा केला. पण पेटीवाल्याला हसू नका, तिघांत स्वस्त आणि प्रामाणिक तोच दिसतोय.

तारकाम्या

नाशकात सातपूर-अंबडला चौदा वर्षं हेच काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाका. मोबाइलवर दिसतं म्हणजे क्लाउड नव्हे. तुमच्या ॲपमध्ये जे दिसत होतं ते डीव्हीआरमधून येत होतं, कंपनीचा सर्व्हर फक्त मधला निरोप्या. आपल्याकडे बहुतेक इंटरनेटवाले प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येईल असा इंटरनेटचा पत्ता) देत नाहीत, म्हणून डीव्हीआरच्या मागचा क्यूआर कोड स्कॅन करून तो निरोप्या गाठावा लागतो. रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या डब्यातल्या हार्डडिस्कवरच. डबा गेला, सगळं गेलं. बसवणारे याला 'क्लाउड' म्हणतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. खरा क्लाउड म्हणजे रेकॉर्डिंगच बाहेर साठवलं जाणं. त्यासाठी कोटेशनमध्ये एकच ओळ शोधायची: किती दिवसांचं फुटेज कुठे साठणार. ती ओळ नसेल तर तो क्लाउड नाही.

आता 'सगळे कॅमेरे थेट क्लाउडवर' याचा हिशोब मांडू. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) साधारण २ एमबीपीएस खातो. २ एमबीपीएस चोवीस तास चाललं तर दिवसाला २१.६ जीबी. आठ कॅमेरे म्हणजे दिवसाला १७२.८ जीबी, महिन्याला पाच हजार जीबीच्या वर. आपले बरेचसे 'अनलिमिटेड' फायबर प्लॅन महिन्याला ३३०० जीबीला अडतात, पुढे वेग कासवाचा. म्हणजे विसाव्या दिवसापासून तुमचे कॅमेरे आंधळे. तारखा माहीत असलेला चोर पंचविसाव्या दिवशीच येईल. (गंमत करतोय, पण फार नाही.)

शिवाय १०० एमबीपीएस हा आकडा डाउनलोडचा असतो. क्लाउडला अपलोड लागतो. संध्याकाळी सात वाजता गोदामात जाऊन, लॅपटॉपला केबल लावून अपलोड मोजा. लोकल केबलवाल्यांकडे तो १०-१५ निघाला तर नवल वाटू देऊ नका. तुम्हाला सलग सोळा तरी लागतो.

म्हणून माझं मत दुसऱ्या कोटेशनला. इथे एनव्हीआर (नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर) ठेवा, ४ टीबीची सर्व्हेलन्सची डिस्क टाका (कॉम्प्युटरची साधी डिस्क घालू नका, ती चोवीस तास लिहिण्यासाठी बनलेली नसते). आठ कॅमेऱ्यांचं पूर्ण दर्जाचं रेकॉर्डिंग तीत तेवीस दिवस बसतं. क्लाउडवर तीनच कॅमेरे सलग पाठवा: मुख्य दार, मागचं शटर आणि जिथे एनव्हीआर ठेवलाय ती खोली. तेही सबस्ट्रीमवर, म्हणजे त्याच कॅमेऱ्याच्या कमी दर्जाच्या हलक्या चित्रावर, अर्धा एमबीपीएस. तिन्ही मिळून महिन्याला पाचशे जीबीच्या आत. बाकीच्या पाचांची हालचाल झाली तरच क्लिप वर जाऊ दे.

आणि ती लोखंडी पेटीही घ्या. काका बरोबर बोलतायत.

बेदाणेवाला

तारकाम्या, दंडवत. पंधरा मिनिटांत एवढं कुणी समजावलं नव्हतं. एक शंका: सबस्ट्रीमवर चेहरा ओळखू येईल का?

तारकाम्या

लांबून नाही. 'दोघे होते, एकाच्या डोक्यावर टोपी, दोन वाजून दहा मिनिटांनी आले' एवढं कळेल. चेहऱ्यासाठी मागच्या शटरचा कॅमेरा खाली आणा. सगळे जण कॅमेरा छताला चिकटवतात आणि मग फुटेजमध्ये चोराचं टक्कल तेवढं स्पष्ट दिसतं. आठ फुटांवर, दाराकडे तोंड करून एक तरी असू दे. त्यात १२८ जीबीचं एंड्युरन्स (सतत लिहिणं सोसणारं) मेमरी कार्डही टाका. पूर्ण दर्जाचं साडेपाच दिवसांचं रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातच राहतं. एनव्हीआर गेला, नेट गेलं, तरी कार्ड उरतं.

म्हापशेकर

आमचं म्हापशात औषधांचं होलसेल आहे. दोन वर्षांपूर्वी पूर्ण क्लाउड घेतलं. छान चालतं, पण दोन गोष्टी आधी कुणी सांगायला हव्या होत्या.

पहिली, वीज. कॅमेरे इन्व्हर्टरवर होते, एनव्हीआर इन्व्हर्टरवर होता, आणि फायबरचा तो छोटा डबा साध्या प्लगवर. वीज गेली की कॅमेरे चालू, नेट बंद, क्लाउड रिकामा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते विचारू नका. आता फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही यूपीएसवर आहेत, आणि राउटरमध्ये सिमकार्ड आहे. केबल तुटली की आपोआप ४जीवर जातो.

दुसरी, खातं. बसवणाऱ्या पोराने सगळी यंत्रणा स्वतःच्या ईमेलवर नोंदवली होती. तो नोकरी सोडून दुबईला गेला. आम्हाला फक्त 'शेअर' केलेलं दिसत होतं, मालक तोच. पासवर्ड बदलायचा तर कोड त्याच्या फोनवर. तीन महिने कंपनीला बिलं आणि सीरियल नंबर पाठवत बसलो. खातं पहिल्या दिवशी स्वतःच्या हाताने, दुकानाच्या ईमेलवर उघडा. बसवणाऱ्याला पाहुणा म्हणून आत घ्या आणि काम झालं की बाहेर काढा.

तारकाम्या

म्हापशेकरांशी शंभर टक्के सहमत. आमच्याच धंद्यातली माणसं हे करतात, कारण मग पुढची सर्व्हिसही त्यांनाच बोलवावी लागते.

बाळू_जर्सीसिटी

इथे अमेरिकेत दुकानं, शाळा, गोदामं सर्रास पूर्ण क्लाउडवर गेली आहेत, म्हणून दुसरी बाजू सांगतो. मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत हॅकर पोचले होते. त्यात तुरुंग होते, दवाखाने होते, टेस्लाचे कॅमेरेही होते. फार मोठी करामतही नव्हती. सुपर ॲडमिनचं नाव-पासवर्ड इंटरनेटवर उघड्यावर सापडलं होतं. एक किल्ली, दीड लाख दारं. तुमच्या टेबलाखालच्या डब्याला निदान तुमच्याच गोदामात येऊन चोरावं लागतं.

म्हणजे क्लाउड नको असं नाही. जिथे दोन टप्प्यांचं लॉगिन नाही आणि कोणी कधी काय पाहिलं याची नोंद मालकाला दिसत नाही, तिथे पैसे घालू नका. आणि विचारून घ्या: वर्गणी थांबवली तर कॅमेरा चालेल का? काही कंपन्यांचे कॅमेरे लायसन्स संपलं की नुसते शोभेचे. ऑनव्हिफवर (वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेली सामाईक पद्धत) चालणारे कॅमेरे घेतलेत तर सेवा बदलली तरी कॅमेरे भिंतीवरच राहतात.

खडूस_काका

आणि घरच्या डब्यांचं काय हो? २०१६ चं मिराई नावाचं घातक सॉफ्टवेअर विसरलात? फॅक्टरीचा पासवर्ड तसाच ठेवलेल्या लाखो कॅमेऱ्यांना आणि डीव्हीआरना जुंपून अर्ध्या अमेरिकेचं इंटरनेट आडवं केलं होतं. टेबलाखालचा डबाही धुतल्या तांदळाचा नाही. १२३४५६ ठेवला असेल तर आज बदला.

बेदाणेवाला

काका, १२३४५६ नव्हता. १११११ होता.

सनद_वाली

वकिली करते, म्हणून फुटेजचं पुढे काय होतं ते सांगते. पोलीस पंचनामा करून डीव्हीआर जप्त करतात, मग तुमच्याकडे ना डबा ना रेकॉर्डिंग. क्लाउडवर प्रत असेल तर निदान धंदा आंधळा होत नाही.

पण पेनड्राइव्हवर क्लिप घेऊन दिली की पुरावा झाला, असं नसतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला यंत्रणा सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइलमधून काढलेली खूण, फाइल जराही बदलली की तीही बदलते) त्यात लिहावं लागतं. पूर्वीच्या कायद्यात हे कलम ६५ब होतं. त्यावरचा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल आपल्या जालन्याचाच: खोतकर विरुद्ध गोरंट्याल. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतले अर्ज वेळेत भरले की नाही, हे निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं, आणि प्रमाणपत्र मागूनही मिळेना. न्यायालयाने सांगितलं की प्रमाणपत्र अनिवार्यच, पण ज्याने मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं आणि यंत्रणा दुसऱ्याच्या ताब्यात आहे, त्याला त्यातून सूट मिळू शकते.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच: घटना कळल्याबरोबर मूळ फाइल उतरवा, व्हॉट्सॲपवरून फिरवू नका (ते फाइल दाबून लहान करतं, हॅश बदलतं), आणि कंपनी हॅश व लॉग (कोणी कधी काय केलं याची नोंद) देते का हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. घड्याळही तपासा. मी पाहिलेल्या निम्म्या डीव्हीआरची वेळ चुकलेली असते. चोरी रात्री दोनची आणि फुटेजवर दुपारचे साडेतीन, मग समोरचा वकील हसतो.

सोनचाफा

कामगारांचा विचार केलात का? आमच्या कारखान्यात जेवायच्या खोलीत कॅमेरा लावला, तोही आवाज टिपणारा. कुणाला सांगितलं नव्हतं. बायकांनी जेवण बाहेर पायरीवर सुरू केलं. तुमच्याकडे बेदाणा निवडायला बायकाच असणार.

बेदाणेवाला

हो, सीझनला वीस-पंचवीस जणी असतात. हे डोक्यातच आलं नव्हतं. निवडायच्या हॉलमध्ये एक कॅमेरा आहे, त्याचा माइक आज बंद करतो. बसायच्या खोलीत नाही आणि लावणारही नाही. दारावर पाटी लावू.

सनद_वाली

पाटी मराठीत, दिसेल अशी. कपडे बदलायच्या जागेकडे चुकूनही तोंड नको, तो थेट गुन्हा आहे.

खडूस_काका

एक विचारतो, राग मानू नका. टेबलाखाली डीव्हीआर आहे हे बाहेरच्या चोराला कसं कळलं?

बेदाणेवाला

काका, तो प्रश्न माझ्याही मनात आहे. तो इथे नको.

तारकाम्या

म्हणूनच क्लाउडचं लॉगिन गोदामातल्या कुणाकडे देऊ नका. बघायला वेगळं खातं द्या, डिलीट करता न येणारं. आणि एक राहिलं: ९ एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची झालीय. कोटेशनमधला मॉडेल नंबर घ्या आणि त्याच मॉडेलचं प्रमाणपत्र मागा. 'कंपनीला आहे' हे उत्तर चालवून घेऊ नका. जुना माल खपवणारे अजून फिरतायत. बिल जीएसटीचंच घ्या.

बेदाणेवाला

तीन आठवड्यांनी परत आलो. जे केलं ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडलं तर.

अपलोड मोजला: ११ एमबीपीएस. थेट क्लाउडवाल्याला तो आकडा दाखवला तर म्हणाला, "ॲडजस्ट होईल." त्याला चहा पाजून निरोप दिला. एनव्हीआर पोटमाळ्यावर पेटीत, वर हवा खेळायला भोकं पाडून. जुन्या जागी टेबलाखाली जळालेला एक डीव्हीआर वायरी जोडून ठेवलाय, बायकोची कल्पना. तीन कॅमेरे क्लाउडवर तीस दिवसांसाठी, बाकीच्यांच्या क्लिपा. दुकानात चारही कॅमेऱ्यांच्या क्लिपा वर जातात, आणि तिथला रेकॉर्डर पहिल्या मजल्यावर नेला, पुराच्या खुणेच्या वर. राउटर यूपीएसवर. खातं माझ्या नावावर, कोड माझ्या फोनवर. पासवर्ड आता मलाही पाठ नाही, वहीत लिहिलाय.

एकच त्रास. रोज रात्री दोन-अडीचला मागच्या शटरवरून 'हालचाल आढळली'. पहिल्या रात्री काठी घेऊन, भावाला उठवून, गाडी काढून गेलो. कॅमेऱ्याच्या काचेसमोर कोळ्याने जाळं विणलं होतं. रात्रीच्या लाल दिव्यांवर किडे येतात, किड्यांवर कोळी येतो, आणि कोळ्यावर मी. यावर काही सेटिंग आहे का?

तारकाम्या

माणूस ओळखणारं सेटिंग चालू करा, निम्मा त्रास जाईल. उरलेल्या निम्म्याला कुंचा. दर रविवारी.