अरुण खेत्रपाल कोण होते?

एनडीएच्या (खडकवासल्याची सैनिकी प्रबोधिनी) परेड ग्राउंडला खेत्रपाल ग्राउंड म्हणतात ना, त्यांच्याबद्दल कोणी नीट सांगेल का? पीव्हीसी (परमवीर चक्र) मिळालं एवढंच माहितीये.

प्रतिसाद १: अहो ते जन्मले आपल्या पुण्यातच, १९५० ला! जून ७१ ला पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून कमिशन, मग नगरला कोर्स चालू होता तेवढ्यात पाकिस्तानशी युद्धाची चाहूल लागली आणि बोलावणं आलं, तर गडी सामानात गोल्फची किट पण घेऊन निघाला, लाहोरला खेळणार म्हणे. २१ वर्षांचं पोरगं हो!

प्रतिसाद २: १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत त्यांचा सेंच्युरियन रणगाडा पेटला, रेडिओवर बाहेर पडायचा हुकूम आला, पण तोफ अजून चालतेय म्हणून ते उतरलेच नाहीत, तिथेच शहीद झाले. त्याच दिवशी ढाक्यात शरणागती झाली, हे आठवलं की फार तुटतं आत.

प्रतिसाद ३: दादा, वडिलांबद्दल पण वाचा. ते पण फौजीच, ब्रिगेडियर होते, मूळचे आता पाकिस्तानात असलेल्या सरगोध्याचे. २००१ ला ८१ व्या वर्षी ते पाकिस्तानात गेले, ज्यांच्या घरी उतरले त्या पाकिस्तानी फौजेतल्या निवृत्त ब्रिगेडियर नासेर यांनी स्वतःच सांगितलं की अरुण माझ्या हातून गेला. अशा वेळी बापाने काय बोलावं, मला तर कल्पनाच करवत नाही.