मदत हवी आहे: फ्रोडोची शायरमधली दया कशी वाचायची?

टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या शेवटावर वाचनगटात बोलायचं आहे आणि एका जागी अडकले आहे. नायक फ्रोडो हा हॉबिट (बुटक्या, साध्या लोकांपैकी एक) दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करायला डूम पर्वतावर जातो, पण तिथे स्वतः हरतो, अंगठी माझीच म्हणतो. आधी त्याच्या नातलग बिल्बोने, मग फ्रोडोने आणि त्याच्या सोबती सॅमनेही अंगठीच्या मोहात अडकलेल्या गॉलमला जिवंत सोडलेलं असतं, म्हणूनच तो अंगठी हिसकावून तिच्यासह आगीत पडतो आणि ती नष्ट होते. इथे दयेला फळ येतं, हे कळतं.

पण घरी परतल्यावर? हॉबिटांचा मुलूख शायर उद्ध्वस्त झालंय, ते करणारा भ्रष्ट जादूगार सारुमान फ्रोडोवर सुरा चालवतो, तरी फ्रोडो त्याला जाऊ देतो. लगेच सारुमानचा चाकर ग्रिमा सारुमानला मारतो आणि हॉबिटांच्या बाणांनी ग्रिमाही मरतो. दया वायाच गेली ना? मला तसं वाटत नाही, पण मांडता येत नाहीये.

दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना आणि फ्रोडोच्या अपयशावरचं टोल्किनचं १९६३चं पत्र वाचलं आहे. २००३च्या चित्रपटात शायरचा हा भाग नाही, त्यामुळे कादंबरीवरच बोलूया. ख्रिस्ती करुणेची सर्वसाधारण चर्चाही नको.

शायरमधल्या दयेला आधार देणारा मूळ संहितेतला नेमका प्रसंग किंवा टोल्किनचं दुसरं एखादं पत्र कोणी सुचवेल का?